कंसातले वर्ष आणि लेण्यातले व्याज

वित्तशास्त्राच्या एखाद्या संशोधनपत्रिकेकडे लेख पाठवायचा, तर आधी तिच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्या लागतात. संदर्भ कसे द्यायचे याचे नियम त्यात बारकाईने दिलेले असतात. मजकुरात लेखकाचे आडनाव व प्रकाशनाचे वर्ष कंसात लिहायचे. शेवटी आडनावांच्या वर्णानुक्रमे यादी द्यायची, तीत लेखाचे नाव, पत्रिकेचे नाव, खंड आणि पृष्ठे. आता अनेक शिक्षक पीएच.डी.साठी नाव नोंदवतात, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी प्रकल्प लिहितात, आणि या नियमांशी त्यांची गाठ पडते. ते बहुधा व्याकरणातल्या अपवादांसारखे पाठ केले जातात. स्वल्पविराम चुकला तर परीक्षक खूण करतो. दिलेल्या पानावर ती गोष्ट खरोखर आहे का, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. वास्तविक स्वल्पविराम लावण्याचे काम आता झोटेरोसारखी संगणक-प्रणालीही करते. तेव्हा ही पद्धत मुळात कशासाठी आहे आणि ती कुठे अपुरी पडते, याचाच विचार आपण करू.

पद्धतीचा गुण आधी सांगायला हवा. ‘फामा व फ्रेंच १९९३’ एवढे वाचले की शेअर व रोख्यांवरील परताव्याविषयीचा त्यांचा निबंध जाणकाराला लगेच आठवतो. ज्याला आठवत नाही त्याला यादीत ‘जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स’, खंड ३३, पृष्ठे ३ ते ५६ असा पत्ता मिळतो. शिवाय वर्ष वाक्यातच असल्यामुळे कोणी कोणाच्या आधी काय म्हटले, हे पाने न उलटता कळते. तळटीपांच्या जुन्या पद्धतीत ही सोय नव्हती.

अशी शोधाची किल्ली आपल्याकडेही आहे. पंचवटीत रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय पहिल्यांदा आडनाव आणि गाव विचारतात. मग त्या गावाची वही निघते, आणि आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ती नोंद समोर येते. नुसते ‘पाटील’ सांगून भागत नाही, कारण पाटील हजारो. म्हणून गाव लागते. एकाच लेखकाचे एकाच वर्षीचे दोन निबंध असले की वर्षापुढे अ, आ अशी अक्षरे जोडतात, ती याच अडचणीपोटी. फरक इतकाच की वहीतली किल्ली आपल्याला थेट नोंदीपर्यंत नेते, तर कंसातले आडनाव व वर्ष आपल्याला लेखाच्या दारापर्यंत सोडते. आत कुठे पाहायचे ते वाचकाने शोधायचे! निबंधाचा एकूण निष्कर्षच हवा असेल तर दारापर्यंत पोचणे पुरते. पण एखादा आकडा हवा असेल तर?

यासाठी नाशिकचेच एक उदाहरण घेऊ. प्राचीन भारतात श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींवर दरसाल १२ टक्के व ९ टक्के व्याज मिळे, हे विधान अर्थशास्त्राच्या इतिहासावरील लेखनात वारंवार भेटते. त्याच्या मागे उभा आहे तो पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीतला एक शिलालेख. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने तिथे आपले दान नोंदवले आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण ठेवले. ही अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीवर शेकडा एक आणि दुसरीवर शेकडा पाऊण असा दर लेखात दिला आहे.

शेकडा एक, पण किती काळासाठी? लेखात तो शब्द नाही. एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५-०६) केलेल्या भाषांतरात ‘दरमहा’ हा शब्द कंसात घातला आहे, म्हणजे तो भाषांतरकाराने पुरवलेला आहे. तो बरोबर आहे हे कसे ठरवायचे? त्याचा पुरावा त्याच लेखात आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असे पुढे म्हटले आहे. २० गुणिले १२ म्हणजे २४०. आता २००० वर दरसाल शेकडा एक धरले तर २० च मिळतात, एकेका भिक्षूच्या वाट्याला फक्त एक. दरमहा धरले तर महिन्याला २० आणि वर्षाला बरोबर २४०! सातवीच्या मुलालाही करता येईल असा हा ताळा आहे. याच लेखात २००० सुवर्ण नाणी म्हणजे ७०,००० कार्षापण असाही हिशेब आहे. एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा विनिमयदर लेखातच सांगितलेला आहे, आणि तोही ताळ्याला उतरतो.

आता वित्तपत्रिकेतल्या निबंधात याचा संदर्भ नियमाप्रमाणे ‘सेनार १९०५’ असा येईल. नियमात तो चोख बसतो. पण सेनार यांनी त्या लेखात नाशिकच्या लेण्यांतले अनेक शिलालेख एकत्र दिले आहेत. लेखांक १२, पृष्ठ ८२ पासून, एवढे जोडले नाही तर वाचक चाचपडतो, कंटाळतो, आणि पाठ्यपुस्तकातला १२ टक्क्यांचा आकडा तसाच उचलतो. मग पुढचा लेखक पहिल्याचा हवाला देतो आणि पुढच्याला तिसरा. असे चार हवाले जमले की पुरावे चार आहेत असे वाटू लागते. वस्तुतः शिलालेख एकच, आणि त्यातला ‘दरमहा’ हा शब्द अनुमानाने आलेला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ज्या संदर्भावरून हा ताळा करता येत नाही, तो आमच्या मते अपुराच म्हणायला हवा, मग त्याची मांडणी कितीही निर्दोष असो.

वर्षाचेही असेच. भिंतीवर ४१, ४२ आणि ४५ अशी वर्षे आहेत. ती शक संवताची मानली तर ४२ म्हणजे इसवी सन १२०. पण ती कोणत्या गणनेची यावर अभ्यासकांचे एकमत नाही. निबंधात नुसते ‘इ. स. १२०’ छापले की हा वाद वाचकाच्या नजरेआडच राहतो.

छापील ग्रंथांच्या बाबतीत कंसातले वर्ष आणखी एका तऱ्हेने फसवते. पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे (२ मार्च १९३०) डॉ. आंबेडकरांचे नाव इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. त्याआधी सात वर्षे, १९२३ मध्ये, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला होता. १९४७ मध्ये तोच मुंबईहून ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ या वेगळ्या नावाने निघाला, आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात तो घेतला. आज हाती येतो तो हाच खंड. त्यामुळे ‘आंबेडकर १९८९’ असे लिहिले जाते, आणि नियमाने त्यात काही गैर नाही. पण केन्सचे भारतीय चलनावरचे पुस्तक १९१३ चे, आंबेडकरांचा त्यावरचा आक्षेप १९२३ चा आणि हिल्टन यंग आयोगापुढची त्यांची साक्ष १९२५ ची. हा क्रम समजल्याशिवाय वाद समजत नाही, आणि क्रम दाखवणे हाच तर या पद्धतीचा मुख्य गुण! मूळ वर्ष आणि हाती असलेल्या आवृत्तीचे वर्ष अशी दोन्ही, ‘१९२३/१९८९’ या धर्तीवर, द्यायला चार अक्षरे जास्त लागतात. ती अवश्य खर्चावीत.

वर्गात करून पाहण्यासारखे एक काम सुचवतो. उषवदाताच्या दुसऱ्या ठेवीचे वार्षिक व्याज विद्यार्थ्यांना काढू द्यावे. ते ९० कार्षापण येईल. ही रक्कम ‘कुशणमूल’ म्हणून द्यायची, असे लेख सांगतो. या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत, आणि दर भिक्षूला किती हेही लेखात दिलेले नाही. त्यामुळे इथे पहिल्यासारखा ताळा करता येत नाही. या ठिकाणी ज्याला आकडा लिहायचा असेल त्याने तो कोणाच्या अर्थनिर्णयावरून घेतला, तेही पृष्ठांकासह लिहावे.