मुखपट्टी, वय आणि निरीक्षकाचा रकाना

कोविडच्या साथीत मुखपट्टी अधिक निष्ठेने कोणी वापरली, तरुणांनी की वृद्धांनी, हा प्रश्न सामाजिक संशोधनात वारंवार विचारला गेला आहे. त्याचे प्रचलित उत्तर असे की, वय वाढते तसा वापर वाढतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०२० च्या उन्हाळ्यात दुकानांच्या प्रवेशद्वारी सुमारे दहा हजार ग्राहकांचे निरीक्षण झाले. त्यातूनही हेच निष्पन्न झाले. त्या स्थळापुरते ते यथार्थ असेल. परंतु त्यावरून बेफिकीर तरुण आणि जबाबदार वृद्ध असे जे चित्र रंगविले जाते, ते दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी लावून पाहिले म्हणजे त्याचे दुबळेपण ध्यानात येते.

मुळात मुखपट्टी कशाला म्हणावयाचे, येथूनच अडचणीस आरंभ होतो. यवतमाळकडील वृद्ध शेतकऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा असतो तो काही साथीमुळे नव्हे. उन्हात तो डोक्याला बांधला जातो, धुळीत नाकावर येतो. दुचाकीवरील तरुणी सबंध चेहरा स्कार्फने गुंडाळते, तीही उन्हाच्याच भयाने. बाजाराच्या दिवशी चौकात उभ्या राहणाऱ्या निरीक्षकाने या दोघांना कोणत्या रकान्यात घालावे? एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने घरगुती कापडी आच्छादनाचा पुरस्कार केला, तेव्हा दुपट्टा नियमात बसला. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साठीपुढील व्यक्तींना वैद्यकीय मुखपट्टी सुचविली, तेव्हा तोच दुपट्टा अपुरा ठरला. एकच वृद्ध एका निकषाने नियम पाळणारा आणि दुसऱ्याने मोडणारा होतो. वयाची नोंदही अशीच सैल असते. विस्कॉन्सिनमध्ये ती केवळ रूपावरून केली गेली. उन्हातान्हात राबलेली पंचेचाळीस वर्षांची मजूर स्त्री अशा अंदाजात सहज वृद्धांत जमा होईल.

याहून गंभीर दोष नमुन्याचा आहे. टाळेबंदीच्या काळातील केंद्रीय आदेशांनी पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना आवश्यक गरजा व उपचार यांखेरीज घरीच राहण्यास सांगितले होते. मग रस्त्यावर जो वृद्ध दिसला, तो सर्व वृद्धांचा प्रतिनिधी कसा मानावा? कामापुरता, जपून बाहेर पडलेला असा तो निवडक मनुष्य होय. उलट तरुणाला निवड नव्हती. कापसाच्या गाठी वा धान्याची पोती वाहणाऱ्या हमालाची पट्टी घामाने भिजते, श्वास कोंडतो आणि ती हनुवटीवर उतरते. गादीवर बसलेल्या वयस्क व्यापाऱ्याची उतरत नाही. या भेदाला वयाचे नाव देणे म्हणजे श्रमाचा हिशेब स्वभावाच्या खाती मांडणे होय.

तुलनेसाठी विस्कॉन्सिनपेक्षा बांगलादेशातील प्रयोग अधिक जवळचा आहे. सुमारे ६०० खेड्यांत झालेल्या त्या प्रयोगात फुकट वाटप व सततची आठवण यांमुळे योग्य वापर सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. शस्त्रक्रियेच्या प्रकारची मुखपट्टी वाटलेल्या गावांत, रक्ततपासणीने सिद्ध झालेला लक्षणयुक्त आजार एकंदर ११ टक्क्यांनी, तर साठीपुढील व्यक्तींत सुमारे ३५ टक्क्यांनी घटला. कापडी पट्टीचा परिणाम मात्र निःसंशय सिद्ध झाला नाही, ही गोष्ट दुपट्ट्याच्या कैवाऱ्यांनी विसरू नये. लक्षणीय असे की, वाटप साऱ्या गावाला होते. वृद्धाचा लाभ त्याच्या स्वतःच्या पट्टीमुळे किती आणि शेजारच्या तरुणाच्या पट्टीमुळे किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. जैन साधूंची मुहपत्ती धारण करणाऱ्यासाठी नसून हवेतील जीवांसाठी असते. साथीतील पट्टीचेही निम्मे प्रयोजन दुसऱ्याचे रक्षण हेच होते. तेव्हा दोन पिढ्या एका छपराखाली राहतात तेथे त्यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी कल्पून टक्केवारी काढणे हा प्रश्नाचाच विपर्यास होय.

दिग्रसच्या अभ्यासकाला काळाचेही भान ठेवावे लागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत रुग्ण वाढून निर्बंध पुन्हा आले. १ मार्चपासून साठीपुढील व्यक्तींना लस खुली झाली. अठरा वर्षांवरील सर्वांना ती १ मेपासून. या दोन महिन्यांत वृद्धाच्या तोंडावरील पट्टी आणि तरुणाच्या तोंडावरील पट्टी यांचा अर्थ एक राहिला नव्हता, म्हणून त्याआधीच्या व नंतरच्या नोंदी एका कोष्टकात मिळविता येणार नाहीत.