शिवकालीन चित्रपटांतील द्वंद्वयुद्ध : वास्तव आणि कथन

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामउल्मुल्क व मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. मुबारिझखान रणात पडला आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. परिणामांच्या दृष्टीने ही लढाई थोर. परंतु पडद्यावर उतरण्यास ती सोयीची नाही. तोफा, हत्ती व घोडदळ यांच्या हालचालींत प्रेक्षकाची दृष्टी स्थिरावेल असा एक चेहरा सापडत नाही. याच परिसरातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. तेथून आरंभ होणाऱ्या शिवकथेतील सिंहगड व पावनखिंड या प्रसंगांकडे मात्र चित्रपट वारंवार वळला आहे. कारण उघड आहे : तेथे माणसासमोर माणूस उभा राहतो.

अशा प्रसंगांविषयी दोन मते ऐकू येतात. एका मते युद्ध जसे होत असे तसेच दाखवावे. दुसऱ्या मते कथेला रंग चढत असेल तर वास्तवाची चिकित्सा कशाला? ही दोन्ही मते अपुरी आहेत, असे शस्त्रांचा विचार करता दिसून येते.

हिंदी तलवारीच्या मुठीला असलेली चकती मनगटाची हालचाल आवरते. म्हणून तिचा वार ओढून कापण्याचा असतो. दांडपट्ट्यात तर हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत असतो. मनगट वळतच नाही, सारी फेक खांद्यातून व कमरेतून येते. प्रतिस्पर्ध्याचा घाव झेलण्याचे मुख्य काम ढालीचे. पडद्यावर मात्र बहुधा पाते पात्यावर आदळते, ठिणग्या उडतात, खणखणाट होतो आणि ढाल लवकरच बाजूस पडते. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. ढाल नटाचा चेहरा झाकते, आणि चेहऱ्यावाचून चित्रपटाचे चालत नाही.

परंतु या सोयीची किंमत कथेलाच द्यावी लागते. राजाराम महाराजांच्या काळी जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत तानाजी व उदेभान यांच्या झुंजीचा वृत्तांत अवघ्या काही वाक्यांचा आहे. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून तो लढला आणि दोघेही पडले, असा त्याचा आशय. या वृत्तांताचा सारा प्राण ढालीत आहे. ज्या युद्धात ढालीचे कामच दाखविले नाही, त्यात ती तुटण्याला अर्थ काय उरणार? येथे शस्त्रविषयक तपशील हा कथेचा अलंकार नसून कथेचा कणा आहे.

यावर असा आक्षेप येईल की, अतिशयोक्ती ही परंपरेचीच देणगी आहे. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातील घोरपड सभासदाच्या बखरीत नाही. मग चित्रपटालाच बंधन का? आक्षेपात तथ्य आहे. तथापि पोवाड्यात शाहीर समोर उभा असतो. डफ व तुणतुणे अतिशयोक्तीची आगाऊ सूचना देतात. कॅमेरा अशी सूचना देत नाही. त्याने दाखविलेले ‘घडलेले’ म्हणूनच मनावर ठसते.

बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटास खणखणाटाचे साहाय्यच नव्हते. रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा आश्रय घेतला. ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ (२०२०) या हिंदी चित्रपटाजवळ त्रिमिती चित्रणासह सर्व साधने होती. तेथे ‘नागीण’ तोफेचे कल्पित कथानक मध्यवर्ती झाले. भव्यता वाढली, पण ढाल तुटल्यानंतरच्या एकाकी क्षणाला त्या भव्यतेत जागा अरुंद झाली. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटास प्रसंगानेच एक माप पुरविले आहे : पन्हाळ्यापासूनची रात्रीची दौड, चिंचोळी वाट आणि विशाळगडावरील तोफांच्या आवाजाची प्रतीक्षा. थकलेल्या शरीरांनी किती वेळ तग धरावयाचा, हाच तेथील कथाप्रश्न. म्हणून मंदगती चित्रणाने जेव्हा थकवा पुसला जातो व वीर अवध्य भासू लागतो, तेव्हा वास्तवाबरोबर कथाही दुबळी होते.

सारांश, तलवारयुद्धाची कसोटी ‘असे घडले असते काय?’ एवढीच नव्हे, आणि ‘प्रेक्षक रंगला काय?’ हीही नव्हे. वजन, श्वास, जखम व भूमी यांच्या मर्यादा दृश्याने मानल्या आहेत काय, आणि त्या मर्यादांतून पात्राचा निर्णय उमटला आहे काय, हा खरा प्रश्न होय. जो दमत नाही व ज्याला घाव लागत नाही, त्याच्या अंगी सामर्थ्य असेल, शौर्य नसते. मरणाची शक्यता काढून घेतलेला तानाजी भव्य दिसेल, परंतु बखरकाराने काही वाक्यांत उभा केलेला माणूस त्याच्याहून मोठाच राहील.