अर्धस्वर समान नसतात

सोळाव्या शतकातील इटलीच्या क्रोमॅटिक संगीताला, म्हणजे लागोपाठच्या अर्धस्वरांतून सरकणाऱ्या बहुकंठी रचनांना, गेल्या काही दशकांत पुन्हा श्रोते लाभले आहेत. मात्र त्यांच्यापुढे हे संगीत ज्या वेशात उभे केले जाते, तो त्याचा नव्हे. कार्लो जेझुआल्दोचे मद्रिगाल गायचे झाले की प्रथम सांगितली जाते ती १५९० मध्ये त्याने केलेली पत्नीची हत्या. मग त्याच्या रचनेतील प्रत्येक अनपेक्षित वळण विकृत मनाचे लक्षण ठरते आणि गायकही ते तसेच, कण्हत-कुंथत, गातात. वस्तुतः हे संगीत कर्कश नाही. ते कर्कश भासते, कारण बहुधा ते परक्या स्वरांत गायले जाते.

आपल्या पेटीत सप्तकाचे बारा समान भाग असतात. त्या काळच्या कळफलकाच्या वाद्यांवर पंचम किंचित उतरवून गंधार शुद्ध राखण्याचा प्रघात होता. त्यामुळे अर्धस्वर दोन प्रकारचे होत, एक मोठा व एक लहान. जी-शार्प आणि ए-फ्लॅट हे एकाच पट्टीवर मावत नसत. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर त्या दोहोंत सुमारे ४१ भागांचे अंतर पडते. जेझुआल्दोच्या १६११ मधील सहाव्या संग्रहातील ‘मोरो, लास्सो’ ही पाच कंठांची रचना सी-शार्पवरील स्वरसंघाने सुरू होते. त्याला गंधार म्हणून ई-शार्प हवा. बारा पट्ट्यांच्या वाद्यावर तो नाहीच. त्याच्या जागी एफ वाजवावा, तर तो तितकाच चढा आणि कानाला टोचणारा. आधुनिक पियानोवरही तो गंधार १४ भागांनी चढाच राहतो. गायकांनी खरा ई-शार्प लावला, की मरणाची गोष्ट बोलणारा तो स्वरसंघ निश्चल आणि गोड होतो. तेथून पुढच्या दूरच्या स्वरसंघाकडे जाताना पायाखालची जमीन सरकते, पण प्रत्येक पाऊल संवादी भूमीवर पडते. हा अनुभव ज्या सादरीकरणात येत नाही, त्यात रचनेचे मर्मच हरवले असे मला वाटते.

निकोला विचेन्तिनोने या प्रश्नाला यंत्राने उत्तर दिले. १५५१ मध्ये रोम येथे व्हिसेन्ते लुझितानोशी झालेल्या वादात तो हरला. पैज दोन सुवर्णमुद्रांची होती. चार वर्षांनी त्याने आपला ग्रंथ छापला आणि त्यात सप्तकाला ३६ पट्ट्या असलेल्या ‘आर्किचेम्बालो’ या वाद्याचे वर्णन केले. फेरारा येथे लुझ्झास्को लुझ्झास्की ते वाजवीत असे, आणि जेझुआल्दो १५९४ मध्ये त्याच नगरीत विवाहासाठी आला होता. व्हितो त्राझुन्तिनोने १६०६ मध्ये बांधलेले ३१ पट्ट्यांचे वाद्य बोलोन्याच्या संग्रहालयात आजही आहे. अशा वाद्यांच्या नव्या प्रतिकृती घडवून बाझेलच्या संशोधक वादकांनी मोठेच काम केले आहे.

तरीही माझा एक आक्षेप आहे. वाद्य हाती आले की ते प्रत्येक ओळीला जोडण्याचा मोह होतो. व्हिओलचे तातीचे पडदे सरकवता येतात खरे, परंतु एकच पडदा सर्व तारांना आडवा जातो. एका तारेवर मोठा अर्धस्वर साधला तर शेजारच्या तारेवर लहान हवा असतो. ल्यूटचीही तीच अडचण. सरकत्या नळीचा जुना ट्रॉम्बोन मात्र गायकासारखा स्वर शोधू शकतो. माझ्या मते प्रत्येक ओळीला एक गायक आणि सोबत एकच कळफलक, तोही मधूनमधून मौन पाळणारा, एवढा संच पुरे.

बडोद्यातील १९१६ च्या संगीत परिषदेपुढे देवल आणि क्लेमेंट्स यांची श्रुतींची पेटी आली, तेव्हा कसोटी गायकाच्या गळ्याची होती. विचेन्तिनोकडे उलटे : तेथे गळा वाद्याकडून शिकतो. पण शिकून झाल्यावर गळ्याने वाद्य सोडावे, हे त्याला अमान्य झाले नसते, असे त्याच्याच ग्रंथावरून दिसते. शब्दांच्या भावानुसार लय जलद-मंद करावी, स्वर उंच वा हळू करावा, वक्ता जसे बोलतो तसे गावे, असे तो स्पष्ट सांगतो. आजची सादरीकरणे नेमकी येथे उणी पडतात. स्वर चुकेल या धास्तीने सारी रचना एकाच संथ चालीत जाते आणि प्रयोगशाळेतील मोजणीसारखी ऐकू येते.

याचा कस लागतो तो विचेन्तिनोच्या ‘मुझिका प्रिस्का कापुत’ या छोट्या रचनेत. ती तीन खंडांत क्रमाने साध्या, क्रोमॅटिक आणि एन्हार्मोनिक स्वरांतून जाते. शेवटच्या खंडात स्वरचिन्हावरील एक टिंब अर्धस्वराहूनही सूक्ष्म चढ दाखवते. तेथे गायकांनी लय रोखून धरली तर टिंबांचे प्रदर्शन होते. पहिल्या खंडाच्या ओघातच तो खंड गायला, तर स्वर चढल्याचे कळतही नाही आणि सगळा उजेड मात्र बदललेला असतो.