काळी, भारी, चोपण : खानदेशातील निचरा नसलेल्या जमिनींच्या नावांची चिकित्सा

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील जमिनींविषयी मराठीत जे शास्त्रीय लेखन होते, त्यात ‘काळी कापसाची जमीन’ हा शब्दप्रयोग प्रत्येक विवेचनाच्या आरंभी येतो आणि बहुधा विवेचनाचे कामही तोच उरकून टाकतो. तापीच्या दोन्ही काठांवरील खोल गाळाची चिकण जमीन, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील मध्यम खोलीची जमीन, सातपुड्याच्या पायथ्याची गोटेमिश्रित जमीन, यांतील पहिल्या दोहोंना आणि क्वचित तिसरीलाही हे एकच नाव दिले जाते. नाव चुकीचे आहे असे नव्हे. जमीन काळी आहे आणि तीत कापूस पिकतो, हे डोळ्यांना दिसते. परंतु जमिनीत पाणी शिरल्यावर तिचे काय होते हा शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न या नावाला विचारताच ते मूक होते.

या नावाची वंशावळ तपासण्याजोगी आहे. ‘काळी’ हा शब्द मराठीत जुना आहे, पण तो मुळात मातीच्या प्रकाराचा वाचक नाही. गावगाड्याच्या परिभाषेत ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा आणि ‘काळी’ म्हणजे गावाची वहीत जमीन. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या वाचकाला ही जोडी परिचयाची आहे. गावाच्या शिवारात तांबूस बरड असली तरी तीही ‘काळी’तच मोडते. म्हणजे हे विशेषण नाम होताना रंग मागे पडला आणि वसती व शेती हा भेद पुढे आला. इंग्रजी भूवर्णनकारांनी जेव्हा रंग आणि पीक यांवरून या जमिनीचे नामकरण केले व मराठी क्रमिक पुस्तकांनी त्याचे भाषांतर केले, तेव्हा ‘काळी’ पुन्हा केवळ काळी झाली. त्यापुढे तर ‘रेगूर’ हा शब्द आला. तेलुगूतील ‘रेगडि’ इंग्रजीच्या मार्गाने वळसा घालून मराठीत उतरला, आणि आपल्याच घरामागच्या शेताचे नाव म्हणून चोपडे-यावलच्या विद्यार्थ्याने तो पाठ केला. शब्द परका म्हणून आक्षेप घेण्याचे कारण नाही. मराठीने असे शेकडो शब्द पचवले आहेत. आक्षेप एवढाच की, मूळ भाषेत त्याला जे संदर्भ होते ते वाटेत गळून पडले आणि मराठीत त्याला नवे काही लाभले नाही.

‘भारी’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. शास्त्रीय अर्थाने भारी जमीन म्हणजे चिकणकणांचे प्रमाण अधिक असलेली, ओढायला जड जमीन. मराठी बोलण्यात मात्र ‘भारी’ म्हणजे उत्तम, मोलाची असाही अर्थ आहे आणि या दुसऱ्या अर्थाला सरकारी बळ मिळाले. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीला जी प्रतबंदी घालून दिली, तीत जमिनीचे रंग व पोत यांवरून तीन वर्ग केले होते आणि खोलीनुसार नऊ प्रती ठरवल्या होत्या. पावणेदोन हात खोलीची, बारीक एकसारख्या पोताची काळी जमीन ही सोळा आण्यांची. खोल, काळी, भारी जमीन ही सर्वोत्तम, म्हणून तिच्यावरील आकारही सर्वाधिक. वजन, गुण आणि सारा असे तिन्ही अर्थ एका शब्दात एकवटले. अतिवृष्टीच्या साली हलक्या मुरमाड रानातले पीक तग धरते आणि भारी रानातला कापूस पाण्यात उभा राहून पिवळा पडतो, हा अनुभव त्या शब्दात मावत नाही. १८५२ साली खानदेशात मोजणीविरुद्ध एरंडोल-सावदा भागात जो क्षोभ झाला, त्याची कारणे अनेक होती व ती सारी मातीच्या प्रतबंदीतून निघालेली नव्हती. तथापि ‘भारी’ म्हणजे कोणासाठी भारी, हा प्रश्न तेव्हाही अस्थानी नव्हता.

तरी त्या अहवालाला न्याय द्यायला हवा. प्रत ठरवल्यानंतर ती उतरवणारी जी सात वैगुण्ये त्यात सांगितली आहेत, त्यांत चुनखडी, वाळू व उतार यांच्या जोडीला पाण्यास न जुमानणारे मिश्रण, जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांचा अतिरिक्त ओलावा आणि वाहत्या पाण्याखाली जाण्याचा धोका यांनाही वेगवेगळी चिन्हे आहेत. निचऱ्याच्या अभावाची कारणे एकाहून अधिक असतात आणि ती निराळी नोंदवली पाहिजेत, हे सारा वसूल करणाऱ्यांना कळले होते. पुढील काळातील पुष्कळसे मराठी लेखन याबाबतीत मागे गेलेले दिसते. ‘पाण्याचा निचरा न होणारी जमीन’ या नकारात्मक शब्दसमूहात ते सर्व कारणे एकत्र बांधते.

शेतकऱ्याच्या भाषेत ती तशी बांधलेली नाहीत. ‘पाणथळ’ म्हणजे सखल असल्यामुळे पाणी साचून राहणारी. ‘उपळट’ म्हणजे खालून पाणी वर येणारी. मूळ शब्द ‘उपळ’, झरा. ‘चिबड’ म्हणजे सतत ओलीने सादळलेली, नांगराला न देणारी. ‘खारवट’ म्हणजे पृष्ठावर क्षार फुटलेली. आणि ‘चोपण’ म्हणजे ओली असता चिखल व वाळली असता दगड होणारी. जमीन ठोकून घट्ट करणे या अर्थाच्या ‘चोपणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते सहज ध्यानात येते. (खानदेशी बोलींत ‘ण’चा ‘न’ होत असल्याने ‘चोपन’ असाही उच्चार ऐकू येतो, कोशकाराने तो वेगळा शब्द मानण्याची चूक करू नये.) या पाचही शब्दांत रंग नाही. पाणी कोठून आले, किती काळ राहिले आणि जाताना मागे काय ठेवून गेले, यांवर ते बेतलेले आहेत.

‘वाफसा’ हा शब्द तर या दृष्टीचा कळस म्हणावा लागेल. पावसानंतर माती औताला चिकटणार नाही आणि ढेकळेही निघणार नाहीत, अशी जी मधली अवस्था येते तिचे हे नाव. ‘वाफ’ या शब्दाशी त्याचा संबंध लावला जातो. खोल चिकण जमिनीत हा अवधी फार थोडा असतो. वखर घेऊन निघालेला शेतकरी दोन दिवस आधी गेला तर चिखल, दोन दिवस उशिरा गेला तर ढेकूळ. प्रयोगशाळा निचरा मोजते तो तासाला किती मिलिमीटर पाणी मुरले यावरून. वाफसा तो मोजतो दिवसांवर. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितांची ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ ही शीर्षके पाहावीत. ती सर्व क्रियावाचक नामे आहेत. शेतीच्या बोलीची घडणच क्रियेभोवती आहे. ‘काळ्या आई’च्या वर्णनात रमणारी समीक्षा ही गोष्ट सहसा लक्षात घेत नाही.

आधुनिक मृदाशास्त्रानेही अखेरीस वर्तनाचाच आधार घेतला, हे येथे महत्त्वाचे आहे. १९६० साली अमेरिकेत जे नवे वर्गीकरण प्रसिद्ध झाले, त्यात अशा जमिनींना ‘व्हर्टिसॉल’ हे नाव मिळाले. ते ‘वळणे, उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून घेतलेले आहे. वाळताना आकसून भेगाळणारी, भेगांत वरची माती गिळणारी आणि भिजताना फुगून स्वतःलाच उलथवणारी ती जमीन. याला कारण स्मेक्टाइट जातीची चिकणमाती. उन्हाळ्याअखेर पहिला पाऊस भेगांतून झपाट्याने खाली जातो. माती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला एका मिलिमीटरच्याही खाली येतो. काळेपणाचा यात काही भाग नाही. दख्खनच्या या जमिनींत सेंद्रिय द्रव्य मुळात अल्पच असते.

या वर्गीकरणाची व्याप्ती ध्यानात येण्यासाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. उत्तर अमेरिकेत रेड नदीच्या खोऱ्यात हिमयुगाच्या अखेरीस बर्फाच्या बांधाने अडलेले एक प्रचंड सरोवर होते. १८७९ मध्ये वॉरन अपहॅम याने त्याला अ‍ॅगासीझ हे नाव दिले. सरोवर ओसरल्यावर त्याच्या तळाची चिकणमाती सपाट मैदान होऊन राहिली आणि तेथील ‘फार्गो’ नावाची काळी, निचरा नसलेली जमीन आज व्हर्टिसॉल गणातच घातली जाते. तापीच्या गाळाला बर्फाचा स्पर्शही नाही. तो बसाल्ट खडकाच्या झिजेतून आला. उत्पत्ती सर्वस्वी भिन्न असूनही गण एक, कारण वागणूक एक. मात्र उपगणात त्या वेगळ्या होतात. फार्गोच्या नावात ‘अ‍ॅक्व’ म्हणजे पाणी हे रूपिम येते, तर दख्खनच्या बहुतेक काळ्या जमिनींच्या नावात ‘अस्ट’ म्हणजे होरपळलेले. एकीच्या नावात साचलेले पाणी आहे, दुसरीच्या नावात पावसाळ्यापलीकडचे कोरडे महिने. गंमत अशी की, एवढा भेद सांगण्यासाठी मराठी क्रमिक पुस्तकाला एक परिच्छेद लागतो आणि तरीही तो सांगितला जात नाही.

मग लोकभाषेतील शब्द जसेच्या तसे शास्त्रात घ्यावेत काय? एका शब्दापुरते हे घडले आहे. कृषिविस्ताराच्या मराठीत ‘क्षारयुक्त’, ‘क्षारयुक्त-चोपण’ आणि ‘चोपण’ अशी तीन प्रकारांची परिभाषा रूढ आहे. त्यातील ‘चोपण’ म्हणजे विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असलेली जमीन. शब्दाची ही निवड उचित होती, कारण सोडियमने मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात व जमीन खरोखरच चोपल्यासारखी होते. उपाययोजनेचा फरकही या नावांत राहिला. केवळ क्षारयुक्त जमिनीला चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे पुरते. चोपण जमिनीला आधी जिप्सम लागते. उलट जेथे भूजल वर आले आहे, तेथे चराशिवाय टाकलेले जिप्सम वाया जाते. कालव्याखालच्या भारी रानात हा गोंधळ परवडणारा नाही. पांझरेवरील जुन्या फडपद्धतीत पाणी आणणाऱ्या पाट-चाऱ्यांइतकीच जादा पाणी परत नदीकडे काढून देणाऱ्या वाटांची व्यवस्था होती, आणि तिच्यासाठी ‘सांडणे’ या क्रियापदावरून आलेला शब्दही होता. आधुनिक सिंचनाच्या मराठीत आणणाऱ्या मार्गांची नावे विपुल आहेत, काढणाऱ्यांची तुटपुंजी.

परंतु ‘चोपण’ला शास्त्रात प्रवेश मिळाला तो एका अंकाच्या अटीवर. १५ टक्क्यांची मर्यादा १९५४ च्या अमेरिकन हस्तपुस्तिकेतून आली आहे. तापीला चांगदेवजवळ मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, वऱ्हाडातील खारपाणपट्ट्यात झालेल्या संशोधनाने दाखवले की, आपल्या फुगणाऱ्या चिकणमातीत सोडियम या मर्यादेच्या बरेच खाली असतानाच पाण्याची वाट बंद होऊ लागते. म्हणजे शेतकऱ्याने ज्या शेताला चोपण म्हणावे, त्याला प्रयोगशाळेने चोपण नाही म्हणावे, आणि दोघांत शेतकऱ्याचे म्हणणे जमिनीच्या प्रत्यक्ष वर्तनाला अधिक धरून असावे, असे प्रसंग संभवतात. याचा अर्थ लोकभाषा अचूक असते असा नाही. हाच शब्द काही गावी पांढरा क्षार फुटलेल्या कोणत्याही रानाला लावला जातो, आणि सोडियम वाढत असल्याची सूचना तो आगाऊ देऊ शकत नाही. तो नुकसान झाल्यानंतरचा शब्द आहे. मोजमाप हवेच. फक्त ज्या गोष्टीचे नाव शब्दाने घेतले आहे, तीच गोष्ट मोजली जावी.

२०१५ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते: सामू, विद्युत्वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. विनिमयक्षम सोडियम त्यांत नाही. पाणी किती दिवस उभे राहते यासाठी रकाना नाही. आणि शेताचा मालक आपल्या जमिनीला काय म्हणतो, हे लिहिण्यासाठी तर मुळीच जागा नाही.