भाव कोणी ठरवायचा?

वसईच्या पाचूबंदरावर मासळीचा भाव चारचौघांत, बोली लावून ठरतो. पण ज्या होडीतून ती आली, तिची आजची किंमत विचारा. उत्तर अंदाजानेच मिळेल. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे समभागही या होडीसारखेच. ते विकले जाईपर्यंत त्यांची किंमत कोणीतरी काढावी लागते. ती कोण काढतो, हाच खरा प्रश्न.

याचा धडा मुंबईने घेतलेला आहे. युनिट ट्रस्टच्या १९६४च्या 'यूएस-६४' योजनेत युनिटचा भाव ट्रस्टच ठरवी. मालमत्तेच्या मूल्याशी तो बांधलेला नव्हता आणि योजना सेबीच्या कक्षेबाहेर होती. १९९८ साली राखीव निधी १,०९८ कोटी रुपयांनी उणे असल्याचे उघड झाले. दीपक पारेख समितीने भाव मालमत्तेच्या मूल्याशी जोडायला सांगितले. तरी जाहीर भाव चढाच राहिला आणि जुलै २००१मध्ये युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबली. आधीच्या दोन महिन्यांत मोठ्या कंपन्या पैसे काढून मोकळ्या झाल्या होत्या. फुगवलेल्या भावाने बाहेर पडणारा मागे राहिलेल्याचे पैसे नेतो. चुकीच्या मूल्यांकनाचे नुकसान असे वाटले जाते.

जून २०२३मध्ये सेबीने पर्यायी गुंतवणूक निधींना स्वतंत्र मूल्यांकक सक्तीचा केला. तो व्यवस्थापकाशी संबंधित नसावा. लागोपाठच्या दोन मूल्यांकनांत २० टक्क्यांहून अधिक किंवा वर्षभरात ३३ टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास गुंतवणूकदारांना कळवावे. पाऊल योग्यच; पण अपुरे. मूल्यांककाच्या नेमणुकीची जबाबदारी व्यवस्थापकाकडेच आहे आणि कंपन्यांची माहितीही त्याच्याच हातून जाते. शिवाय २० टक्क्यांची खूण हलणारा भाव पकडते. बुडत्या कंपनीचा मुद्दाम न हलवलेला भाव तिच्या नजरेतून सुटतो. त्याच भावाच्या जोरावर व्यवस्थापक पुढच्या निधीसाठी पैसे गोळा करू शकतो.

या निधींत साधारणपणे किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात, म्हणून हा श्रीमंतांचा प्रश्न मानला जातो. पण विमा कंपन्यांनाही त्यांत गुंतवणुकीची मुभा आहे, आणि तो पैसा पॉलिसीधारकांचा असतो.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. मूल्यांकक विश्वस्तांनी किंवा गुंतवणूकदारांनी निवडावा. आणि मालमत्ता विकली गेली की शेवटचे मूल्यांकन व हाती आलेली किंमत शेजारी शेजारी जाहीर करावी. कोणता व्यवस्थापक किती फुगवतो, हे काही वर्षांतच दिसेल. बंदरावर होडीवाल्याने आपल्या मासळीचा भाव कितीही सांगितला, तरी बोली दुसऱ्याचीच लागते.