काजव्यांचा ‘महोत्सव’ आणि नगरवनांची उणीव : भंडारदरा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नागरी वनीकरण आणि सार्वजनिक मनोरंजनस्थळांचा विकास हे विषय आपल्याकडे सामान्यतः स्वतंत्रपणे अभ्यासले जातात. पहिला महानगरपालिकेच्या उद्यान विभागाचा, तर दुसरा पर्यटन खात्याचा मानला जातो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसराचा विचार करता ही विभागणी अपुरी ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रंजनाची दोन रूपे

प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. धरणाच्या पायथ्याशी उद्यान आहे व तेथेच प्रसिद्ध ‘अंब्रेला फॉल’ आहे. हा धबधबा मानवनिर्मित असून धरणातून पाणी सोडले म्हणजेच तो वाहतो. येथील सौंदर्य माणसाच्या हाती आहे. त्याचे वेळापत्रक ठरविता येते.

याच परिसरातील काजव्यांचे स्वरूप मात्र सर्वस्वी भिन्न आहे. मेच्या उत्तरार्धापासून जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते लुकलुकतात. ही रोषणाई नव्हे, तर प्रजननासाठी दिलेला संकेत होय. काजव्याच्या अळ्या ओलसर मातीत, पालापाचोळ्यात वाढतात आणि गोगलगाईंसारख्या जीवांवर जगतात. प्रौढ कीटकाचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते. वाहनांचे दिवे व विजेऱ्या यांच्या झोतात त्यांचे संकेत हरवतात. झाडाखाली तुडविलेल्या मातीत पुढील पिढी नष्ट होते.

‘महोत्सव’ या कल्पनेचे परीक्षण

या निसर्गघटनेस ‘काजवा महोत्सव’ हे नाव मिळाले आणि तिच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. महोत्सव म्हटला की गर्दी, वाहनतळ, प्रकाश आणि ध्वनी ओघाने आलेच. येथे आवश्यक आहे तो नेमका अंधार व शांतता. अंब्रेला फॉलला लागू पडणारी व्यवस्था काजव्यांना लावली जाते, ही या धोरणाची मूलभूत त्रुटी होय. हा प्रदेश १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याशी निगडित आहे, हे येथे विसरून चालणार नाही. वनविभागाने अलीकडच्या वर्षांत रात्रीच्या प्रवेशावर मर्यादा घातल्या, त्या स्वागतार्ह आहेत. परंतु शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडी येथील कुटुंबांना या हंगामात मिळणारे उत्पन्नही नाकारता येत नाही. त्यामुळे सरसकट बंदी हा न्याय्य उपाय ठरत नाही. वाहने गावाच्या सीमेवर थांबवून स्थानिक वाटाड्यांसह मर्यादित गट पायी नेणे, हा मार्ग वन आणि गाव या दोहोंच्या हिताचा आहे.

नगरवनांचा प्रश्न

तथापि गर्दीचे मूळ भंडारदऱ्यात नाही. ते मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे येथे आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२० साली पुण्यातील वारजे येथील वनाचा आदर्श पुढे ठेवून केंद्र शासनाने नगरवन योजना जाहीर केली. तरीही शहरी वनाचे यश आपण बहुधा लावलेल्या रोपांच्या संख्येवरच मोजतो. पालापाचोळा झाडून काढलेले, फरसबंद आणि रात्रभर दिव्यांनी उजळलेले उद्यान हे वन नव्हे. तेथे वाढणाऱ्या मुलास अंधाराची सवय होत नाही आणि जंगलात कसे वागावे याचे संस्कारही होत नाहीत. परिणामी तो वनात जातो तेव्हा आपले शहर बरोबर घेऊन जातो.

समारोप

सारांश, भंडारदऱ्याचे रक्षण केवळ भंडारदऱ्यात होणार नाही. नगरवनाचा काही भाग हेतुपुरस्सर अंधारा, पालापाचोळ्याने झाकलेला आणि देशी वृक्षांचा ठेवावा. महाविद्यालयांनीही आपल्या परिसराचा एखादा कोपरा यासाठी राखावा. नागरिकांना जवळच्या वनात शांत बसण्याची सवय लागली, तर दूरच्या वनावरील भार हलका होईल आणि काजव्यांना त्यांचा अंधार परत मिळेल.