कुरुंदकरांचे विद्यार्थी

दिवाळीला ताडकळसला गेलो म्हणजे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकून आलेली वडीलधारी मंडळी भेटतात, आणि फराळाला बसले की नरहर कुरुंदकरांचा विषय हटकून निघतो. इंटरला पुन्हापुन्हा नापास झालेला हा माणूस मराठीचा प्राध्यापक व पुढे त्याच कॉलेजचा प्राचार्य झाला, ह्याचे कौतुक तर संपतच नाही. मग गुरुजींची स्मरणशक्ती, चिटोऱ्याविना चालणारे विवेचन!

हे ऐकावयास गोड आहे. पण ह्या आठवणींत गुरुजी फार दिसतात, विषय दिसत नाही. तासाला शिकलात काय, असे विचारले की मंडळी चाचरतात. आणि वाद निघालाच तर ‘गुरुजी म्हणत’ एवढ्यावर तो मिटवतात.

माझ्या पिढीला त्यांचा तास लाभला नाही. १९८२ साली ते गेले. आम्हांला पुस्तकेच उरली. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना पाहा. चार गोड वाक्ये लिहून मोकळे व्हावे, हा आपल्याकडील प्रस्तावनेचा रिवाज. इथे रणजित देसायांना लिहिलेले लांबलचक पत्र आहे, आणि शिवाजीमहाराजांविषयी आपण धरून चाललेल्या कितीतरी गोष्टी त्यात पुराव्याला लावून पाहिल्या आहेत. असा माणूस वर्गात निमूट माना डोलावणारी मुले कशाला मागेल?

यंदा एका वृद्ध विद्यार्थ्याने आपली ‘धार आणि काठ’ची प्रत दाखवली. समासात पेन्सिलीने जागोजाग लिहिले होते : ‘पटत नाही.’

मी म्हटले, “काका, फराळाला बसल्यावर हे का नाही सांगत?”

त्यांनी पुस्तक मिटून घेतले.